बंद केलेली तीन कार्डं

वाशीम,
१८ फेब्रुवारी २०२५

श्री. हिरालाल यांस,

फोन तुम्ही उचलत नाही. आईंच्या फोनवर केला तर त्या म्हणतात, ते वावरात गेले. सकाळी केला तरी वावरात, संध्याकाळी केला तरी वावरातच. म्हणून हे पत्र, आणि तेही रजिस्टरनं. मिळालं नाही असं म्हणायला जागा नको.

काल बँकेत गेले होते. नर्सरीच्या शेडनेटसाठी सहा लाखांचं कर्ज हर्षलनं मागितलं होतं. तो गेल्यावर जानेवारीत ते माझ्या नावावर केलं. जमीन आणि पेन्शन तुमची, म्हणून सुनेच्या कर्जाला सहकर्जदार तुम्ही. सही करायला तुम्ही स्वतः आला होता. ऑक्टोबरमध्ये बँकेनं तुमचा स्कोर काढला तेव्हा तो ७६८ होता. कर्ज देताना माणूस किती भरवशाचा आहे ते ज्या आकड्यावरून बघतात, तो हा. बँकेला सव्वासातशे लागतो. काल बँकेच्या मंजू मॅडमनं शेवटचा कागद करायला पुन्हा काढला, तर ६८९.

मला वाटलं कोणाचा तरी दुसऱ्याचा कागद आला. मॅडमनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुमची तीन क्रेडिट कार्डं बंद झाली आहेत. हर्षलला जाऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. आणि जानेवारीत माझ्या शेजारी बसून तुम्ही सही केलीत, तेव्हा कार्डं बंद करून महिना उलटला होता. येताना आणि जाताना एका एसटीत दोन तास आपण शेजारी बसलो. एक शब्द बोलला नाहीत.

मंजुरीची मुदत ३१ मार्चला संपते. मिरचीच्या रोपांसाठी अकरा शेतकऱ्यांनी आपल्याकडे नाव लिहून ठेवलं आहे. ते मे महिन्यात दारात येतील. कर्ज झालं नाही तर त्या दारात मी नसेन, एवढं तुम्हाला कळतं.

कार्डं कोणी बंद केली आणि काहून केली, तेवढं लिहा.

समीक्षा


मालेगाव (जहांगीर),
दि. २४ फेब्रुवारी २०२५

श्रीमती समीक्षा यांस,

आपले पत्र मिळाले.

कार्डे माझ्या नावावर होती. मी बंद केली. चारपैकी तीन वापरात नव्हती. जी वस्तू वापरात नाही ती सांभाळत बसू नये, हे मी शाळेच्या कार्यालयात चौतीस वर्षे पाळले. जुने शिक्के, कोरी पावतीपुस्तके, सगळे वेळच्या वेळी रद्द केले. त्यात कधी कोणाचे नुकसान झाले नाही.

चौथे कार्ड ठेवले आहे, कारण हर्षलने त्यावर नर्सरीचे सामान घेतले त्याचे हप्ते चालू आहेत. ते मी पेन्शनमधून भरतो. एकही चुकलेला नाही. ज्याने कार्डे कमी केली आणि हप्ता चुकवला नाही, त्याचा आकडा वाढायला पाहिजे. कमी झाला असेल तर ती बँकेची चूक आहे. तपासून घ्यावी.

काहून, ते लिहिण्याची मला गरज वाटत नाही.

हिरालाल


वाशीम,
३ मार्च २०२५

श्री. हिरालाल यांस,

पाकिटावर श्रीमती आणि आतही श्रीमती. किराण्याच्या चिठ्ठीवरसुद्धा तुम्ही 'चि. समीक्षास देणे' लिहायचे, दुकानदार हसायचा. तीन महिन्यांत मी एवढी मोठी झाले, छान.

बँकेची चूक नाही. मंजू मॅडमनं कागदावर मांडून दाखवलं, तेच इथे उतरवते. तुम्ही शाळेचे हिशेब सांभाळलेत, तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

चार कार्डं मिळून बँकांनी तुम्हाला तीन लाख साठ हजार वापरायची मुभा दिली होती. त्यातले अठ्ठेचाळीस हजार वापरलेले दिसत होते. म्हणजे शंभरातले तेरा. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस मिळतं म्हणून ओरबाडत नाही. तुम्ही तीन कार्डं बंद केली. उरलेल्या एका कार्डाची मर्यादा साठ हजार. वापरलेले तेच अठ्ठेचाळीस. आता शंभरातले ऐंशी झाले. तुम्ही एक रुपया जास्त वापरला नाही, पण कागदावर गळ्यापर्यंत बुडालेले दिसता. शिवाय बंद केलेल्यात २०११ चं कार्ड होतं. इतक्या वर्षांत कधी थकवलं नाही, हे ज्याच्याकडे बघून कळत होतं, नेमकं तेच तुम्ही काढून टाकलं. हप्ते वेळेवर भरता ते चांगलंच आहे, पण ह्या खड्ड्याला ते पुरत नाही.

मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमच्या सासऱ्याहिले वाटलं घरातला कचरा काढला. कचरा नाई, कुंपन काढलं त्याहिनं."

हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मी धरून चालले असते. पण हर्षलनं तुम्हाला सांगितलं होतं. दिवाळीत, माझ्यासमोर, ओसरीवर. बाबा, न वापरता पडून राहू द्या, पण बंद करू नका. तुम्ही पेपर वाचत होता. "हं" म्हणाला होतात.

गजेंद्र म्हणतो ते मी इतके दिवस कानाआड केलं. आज लिहिते. तो म्हणतो, नर्सरीचा रस्त्याकडचा अर्धा एकर शेषराव काकांना पाहिजे. कर्ज नाही तर नर्सरी नाही, नर्सरी नाही तर सून कशाला हवी. दीड महिना झाला मला इथे येऊन. पेरणीला न्यायला येतो म्हणाला होतात. गजेंद्र सख्खा भाऊ, तरी त्याच्या घरी मी पाहुणी म्हणून आले होते. आता माझ्यासाठी वेगळं ताट काढत नाहीत.

गजेंद्रचं खोटं असेल तर तसं लिहा.

समीक्षा


मालेगाव (जहांगीर),
दि. १५ मार्च २०२५

श्रीमती समीक्षा यांस,

शेषरावाला जमीन द्यायची असती तर मी तलाठ्याकडे गेलो असतो. कार्डे बंद करायला बँकेत गेलो नसतो. आपल्या बंधूंना एवढे समजत नसेल तर त्यांनी दुसऱ्याच्या जमिनीचा विचार करू नये.

आकड्याचा हिशेब दोनदा वाचला. तो बरोबर आहे. मला तसा माहीत नव्हता. हर्षल ओसरीवर बोलला तेव्हा मी ऐकले नाही, हेही बरोबर आहे. त्या कार्डांबद्दल त्याचे शेवटचे म्हणणे काय होते, ते मात्र तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे.

आपण हिशेब मांडला तेव्हा एक गोष्ट मांडायची राहिली. त्या कार्डावर हर्षलने अठ्ठावन्न हजारांचे सामान घेतले. त्यात मोटर होती. विहिरीवर जुनी मोटर चालू होती. नवी कोणी मागितली, ते मला माहीत आहे. त्याने ती ओल्या हाताने जोडायला घेतली. हे मी घरात कोणाला बोललो नाही, दहाव्याला नदीवरही बोललो नाही. आपण काहून म्हणून विचारले, म्हणून लिहिले.

त्या दिवशी भरलेले चाळीस ट्रे वाळले. मी पाणी दिले नाही. तिकडे मी जात नाही.

हिरालाल


वाशीम,
२१ मार्च २०२५

हो, मोटर मी मागितली.

जुन्या मोटरचं पाणी फवाऱ्याला चढत नव्हतं. दिवसातून चार वेळा मी बादलीनं ट्रे भिजवत होते, हे तुम्ही बांधावरून रोज बघत होता. मी हर्षलला म्हटलं, मोटर घे. दुकानाचा माणूस सोमवारी येऊन जोडणार होता. हर्षलनं गुरुवारीच जोडायला घेतली. काहून घेतली ते मला कळत नाही. सोमवारपर्यंत थांबायला काय झालं होतं, हे मी रोज विचारते. तुम्ही लिहिलेलं ते वाक्य मी चार महिने स्वतःला म्हणते आहे. तुमच्या अक्षरात वाचायची गरज नव्हती.

पण बरं झालं. आता निदान कळलं की ही शिक्षा आहे. आधीच तसं सांगितलं असतं तर मी बँकेत खेटे घातले नसते.

३१ तारखेला दहा दिवस उरले. मंजू मॅडम म्हणतात, त्या एका कार्डावरची बाकी एकदम भरली तर आकडा महिन्या-दोन महिन्यांत वर येतो. ह्या मुदतीत बसणार नाही, पण नवा अर्ज तरी करता येईल. बाकी त्रेचाळीस हजार आहे. माझ्याकडे तेवढे नाहीत. असते तरी भरायचे की नाही, विचार केला असता.

तुम्हाला माहीत असलेलं त्याचं शेवटचं म्हणणं तुमच्यापाशीच ठेवा.

समीक्षा


मालेगाव (जहांगीर),
दि. ९ एप्रिल २०२५

समीक्षास,

मुदत संपल्याचे बँकेचे पत्र आले. आता लपवून काही वाचणार नाही, म्हणून लिहितो. हे मी हर्षलच्या आईलाही सांगितलेले नाही.

चौदा नोव्हेंबरला सकाळी कार्डाचे बिल माझ्या हाती पडले. अठ्ठावन्न हजार पाहून मी हर्षलला बोललो. तू तोवर नर्सरीवर गेली होतीस. मी जास्त बोललो. अकोल्याची नोकरी सोडून माती भरत बसला आणि वरून बापाच्या नावावर उधारी करतो, असे म्हणालो. आणखीही बोललो. तो ऐकून घेत होता. मग पायात चप्पल घातली आणि म्हणाला, "मंग करून टाका ना बाबा सारे कार्डं बंद. मले तुमचं काईच नको." आणि गेला. साडेदहाला शेषराव धावत आला.

सोमवारपर्यंत तो काहून थांबला नाही, असे तू विचारतेस. मला वाटते मी बोललो म्हणून. सामान फुकट पडले नाही हे मला त्याच दिवशी दाखवायचे असेल. ही गोष्ट मी तुझ्या माथी मारली.

दहाव्याला आम्ही नदीवर होतो. बायका घरी होत्या. तुला येऊन फक्त पिंड शिवला एवढे सांगितले. पिंड लगेच शिवला नव्हता. पाऊण तास झाला. कावळे बाभळीवर बसून होते, खाली येत नव्हते. गेलेल्याचे मन कशात तरी अडकले असेल म्हणून एकेक जण पुढे होऊन कबूल करू लागला. शेषराव म्हणाला, "समीक्षाले आमी अंतर देनार नाई." कावळा हलला नाही. तुझा भाऊ म्हणाला, नर्सरी पूर्ण करू. तरी नाही. कोणी म्हणाले, आईची काळजी घेऊ. नाही. ऊन डोक्यावर आले. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मग मी पुढे गेलो आणि कोणाला ऐकू जाणार नाही असे म्हणालो, "कार्डं बंद करतो रे बाबू." मी वळून परत येईपर्यंत कावळा पिंडावर होता.

त्यानंतर मला काही विचार करावा लागला नाही. तेरावे झाले, मी वाशीमला जाऊन तीन अर्ज दिले आणि कार्डांचे कात्रीने तुकडे केले. पोराचे शेवटचे मागणे होते, ते मी पुरे केले, असे मला वाटत होते. त्या पंधरा दिवसांत तेवढे एकच काम मला जमले.

तुझे नाव घेतले तेव्हा तो आला नाही. नर्सरीचे घेतले तेव्हाही नाही. हे मी तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? तू समोर आलीस की मला ती बाभूळ दिसायची. म्हणून एसटीत बोललो नाही, फोन उचलला नाही आणि न्यायला आलो नाही.

यात शिक्षा नव्हती. मोटरबद्दल लिहिले ती मात्र होती.

हिरालाल


वाशीम,
२७ एप्रिल २०२५

बाबांस,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा फाडणार होते. वहिनीनं हातातून घेतलं.

मी गजेंद्रला समोर बसवलं आणि नदीवर काय झालं ते सुरुवातीपासून सांगायला लावलं. नाव घेतल्याचं त्यानंही मला सांगितलं नव्हतं. तुम्ही सगळे पुरुष एकाच बाभळीखाली गप्प झालात. त्याला विचारलं, लोक कुठे उभे होते? तो म्हणाला, पिंडाभोवतीच की. अठरा-वीस जण, हात लांबवला तर पिंडाला लागेल एवढ्यावर. एक जण मोबाईलवर शूटिंग करत होता. मग तिथल्या एका म्हाताऱ्यानं शिव्या घातल्या. "सरका ना बे मांगं. येवढ्या मानसाइत पाखरू उतरते काय?" शेषराव काकांनी सगळ्यांना पार वाळूच्या ढिगापर्यंत मागे नेलं. पुढे एकटे तुम्ही राहिलात. तुम्ही काहीतरी पुटपुटला, मग तुम्हीही वळून मागे आलात, आणि कावळा उतरला.

तुम्ही पिंडाकडे बघत होता, म्हणून मागे काय चाललं ते तुम्हाला दिसलं नसेल. त्याला माझं नाव नको होतं असं नाही, बाबा. त्याला कार्डंही नको होती. त्याला भात पाहिजे होता, आणि तुम्ही सगळे मध्ये उभे होता.

साडेतीन महिने मी ह्यापायी दुसऱ्याच्या घरात भांडी घासते आहे.

सोबत एक झेरॉक्स आहे. मूळ वही मी देणार नाही, मागू नका. नर्सरीवर गेला की तो आधी वहीत दिवसाची कामं लिहायचा आणि मग कामाला लागायचा, हे तुम्हालाही माहीत आहे. हे त्याच दिवसाचं पान आहे. म्हणजे तुमच्याशी भांडून आल्यावर लिहिलेलं. झेरॉक्स पुसट आली म्हणून उतरवून देते.

"१४ नोव्हें. कोबीचे ट्रे ४०. मोटर जोडणे. संध्याकाळी बाबांशी बोलणे, न भांडता. कार्डं बंद होऊ द्यायची नाहीत. २०११ चं तर नाहीच."

ट्रेसमोर बरोबरची खूण आहे. त्याच्या पुढे कशासमोरही नाही.

हे पान मी नोव्हेंबरपासून रोज वाचते. 'न भांडता' म्हणजे काय ते मला कळत नव्हतं, कारण भांडण झालेलं मला माहीतच नव्हतं. ते तुमच्या पत्रातून कळलं.

तो रागात जे बोलला, ते तुम्ही पाळलंत. जे लिहून ठेवलं ते कोणी पाळायचं?

समीक्षा


मालेगाव (जहांगीर),
दि. २२ मे २०२५

चि. समीक्षास,

झेरॉक्स मिळाली. 'न भांडता' लिहिताना त्याने पेन दाबले आहे. ते दोन शब्द झेरॉक्समध्येही बाकीच्यांपेक्षा काळे आले आहेत. उत्तराला उशीर झाला.

मी वाशीमला तीनही बँकांत जाऊन आलो. बंद केलेले कार्ड परत चालू होत नाही. नव्यासाठी अर्ज करा म्हणतात, आणि माझा आकडा पाहून तो करूही नका म्हणतात. २०११ चे कार्ड देणाऱ्या बँकेतला मुलगा हसला. म्हणाला, काका, इतकं जुनं कार्ड कोणी बंद करतं का? मी म्हणालो, केले.

मग मंजूबाईंकडे गेलो. तू लिहिलेलाच हिशेब त्यांनी पुन्हा सांगितला. चौथ्या कार्डावर साडेचौतीस हजार बाकी होती. हर्षलच्या नावाने शाळेला पुस्तकांचे कपाट द्यायचे म्हणून मी चाळीस हजार बाजूला ठेवले होते. त्यातून बाकी आणि मुदतीआधी भरल्याचा दंड भरून टाकला. घरी सांगायला मला अवघड गेले. हर्षलची आई म्हणाली, "कपाटावर नाव टाकून पोरगं दिसनार होतं काय तुमाले? चांगलं केलं." मग तिलाही नदीवरचे सगळे सांगितले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, पोरीले न्यायले काहून नाई गेले तुमी.

बँकेत एक प्रकार झाला, तो सांगून टाकतो. बाकी भरून झाली म्हणून मी हे चौथे कार्डही बंद करण्याचा अर्ज घरून लिहून नेला होता. काम झाले की फाईल बंद करायची, अशी सवय. मंजूबाई खुर्चीतून उठल्या आणि अर्ज माझ्या हातातून काढून घेतला. आता त्यावर महिन्याला घरचे लाईटबिल भरायचे आणि तारखेआधी बाकी चुकती करायची, असे ठरले आहे. आकडा वर यायला दोन महिने धरा म्हणाल्या.

मिरचीच्या रोपांसाठी लोक आले होते. अकरापैकी सात जणांनी दुसरीकडून रोपे नेली. चार जण म्हणाले, पुढच्या वेळी पाहू. दारात मी उभा होतो.

मोटरबद्दल लिहिले ते लिहायला नको होते. खोडून खोडले जात नाही, हे मला समजते.

हिरालाल


वाशीम,
११ ऑगस्ट २०२५

बाबांस,

जुलैअखेर तुमचा स्कोर ७३८ निघाला. मी नवा अर्ज दिला आणि परवा मंजुरी आली. सहीसाठी तुम्हाला बँकेचा फोन येईल. तो उचला.

माफ केलं असं मी लिहीत नाही. लिहिलं तर खोटं होईल. अकरातले चार उरले, माझं एक वर्ष गेलं, आणि भावाच्या घरात मला लोकांनी काय काय म्हटलं ते तुम्हाला सांगणारही नाही.

इथल्या कृषी केंद्रात मी दिवाळीपर्यंत काम धरलं आहे. त्यानंतर नऊ नोव्हेंबरला मालेगावला येते. न्यायला येऊ नका, मी एसटीनं येईन. घरात राहणार नाही. स्टँडमागे एक खोली बघितली आहे, तिचं भाडं मी देईन. नर्सरीचा हिशेब माझ्याकडे राहील. मी आल्याबरोबर मोटर चालू करीन, पण त्याआधी ती वायरमनकडून बसवून घ्या. तुम्ही हात लावायचा नाही आणि शेषराव काकांनीही नाही.

वर्षश्राद्ध तिथीनं त्याआधी येतं. त्या दिवशी माझ्या नावानं काही कबूल करू नका. चांगलंही नको.

आईंना सांगा, लोणचं पोचलं.

समीक्षा


मालेगाव (जहांगीर),
दि. ५ नोव्हेंबर २०२५

चि. समीक्षास,

काल वर्षश्राद्ध झाले. बाहेरची माणसे बोलावली नाहीत. तू सांगितल्याप्रमाणे मी काही कबूल केले नाही. वावराच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, पान ठेवले, आणि शेषराव काही म्हणायला तोंड उघडत होता त्याला म्हणालो, चल, मागे चल. आम्ही लिंबापर्यंत गेलो. वळून पाहिले तर दोन कावळे आले होते. शेषराव मला विचारत होता, भाऊ, तू मनात काय बोलला? मी काहीच बोललो नव्हतो. त्याला खरे वाटले नाही.

वायरमनने मोटर बसवली आहे. खाली लाकडी फळी आणि वर पत्र्याचे छप्पर केले आहे. मी फक्त उभा राहून पाहिले. पाणी फवाऱ्याला चढते. जुने ट्रे धुऊन ठेवले, दोनशे बारा चांगले निघाले. हर्षलने भरलेले चाळीस मात्र रिकामे केलेले नाहीत. त्यात वाळलेल्या काड्या आहेत. त्यांचे काय करायचे ते तू ठरव.

खोलीचे समजले. स्टँडकडे भाडे जास्त सांगतात, करार लिहून घे. हर्षलची आई सकाळचा डबा पाठवणार आहे. त्याला नाही म्हणू नको, ती माझे ऐकत नाही.

या महिन्याचे लाईटबिल कार्डावर भरले आणि दुसऱ्या दिवशी बाकी चुकती केली. कार्ड चालू आहे.

त्या पानावरचे एक काम अजून राहिलेले आहे. नऊ तारखेला संध्याकाळी मी नर्सरीवर येईन, तेव्हा बोलू. न भांडता, असे मी कबूल करत नाही. प्रयत्न करीन.

हिरालाल